छंदाची वेबसाइट ‘व्यावसायिक’ कधी ठरते? काकांच्या कॉटेजचा नंबर टाकला तरी?

समजा, अलिबागच्या एका कॉलेजकुमाराने हौसेने वेबसाइट काढली. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते आणि ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज कधी निघायचे, कधी परतायचे, एवढेच तो तिथे सांगतो. जोडीला वारा-पावसाचा अंदाज. सगळे फुकट. मग नागावचे काका म्हणतात, ‘खाली आमच्या कॉटेजचा नंबर टाक की.’ तो टाकतो, एक रुपयाही न घेता.

आता ही वेबसाइट व्यावसायिक झाली का?

याचे एकच उत्तर नाही, कारण ‘व्यावसायिक’ची व्याख्या प्रत्येक लायसन्स आपापली करते. वेबसाइट ठेवायला अनेक विद्यार्थी ‘व्हर्सेल’चा मोफत हॉबी प्लॅन घेतात. तो फक्त वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. वस्तू किंवा सेवेच्या विक्रीची जाहिरात, गुगल अ‍ॅडसेन्स, वेबसाइट बनवण्याचे घेतलेले पैसे, हे सगळे तिथे व्यावसायिक धरले जाते. फायदा तुमचाच हवा असे नाही, त्या कामात गुंतलेल्या कुणाचाही चालतो. म्हणजे काकांचा नंबर इथे अडचणीचा. हवामानाची माहिती देणाऱ्या ‘ओपन-मिटिओ’ची मोफत सेवा दिवसाला १०,००० मागण्यांपर्यंत मिळते, पण जाहिराती किंवा वर्गणी असलेल्या साइट्सना नाही.

याउलट एमआयटी, अपाची किंवा जीपीएल लायसन्सच्या सॉफ्टवेअरवर खुशाल धंदा करा, फक्त त्यांच्या बाकीच्या अटी पाळा. वर्डप्रेस जीपीएलवरच चालते. ‘ओपन सोर्स म्हणजे कमाईला बंदी’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे.

फोटोंचे काय?

खरी गुंतागुंत क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘एनसी’ लायसन्समध्ये आहे. तिथे वापराचा मुख्य हेतू व्यापारी लाभ किंवा आर्थिक मोबदला आहे का, हे पाहतात. वापरणारा कोण, हे नाही. जर्मनीत डॉइचलांडराडिओ या सार्वजनिक रेडिओने असा एक फोटो वेबसाइटवर वापरला. २०१४ च्या मार्चमध्ये कोलोनच्या न्यायालयाने तो वापर व्यावसायिक ठरवला, तर ऑक्टोबरमध्ये वरच्या न्यायालयाने तो मुद्दा फिरवला. तरीही रेडिओ सुटला नाही, कारण फोटो कापताना छायाचित्रकाराचे नाव गेले होते!

भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३ब सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यांसाठी आहे. शिक्षा ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा व्यवसायात नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते.

मोफत सेवेची अट मोडली म्हणून लगेच कोर्ट होत नाही. खाते बंद होण्याची शक्यता जास्त. ऐन सुट्टीच्या शनिवारी साइट बंद पडली, तर पर्यटकांना ओहोटीची वेळ कळणार नाही. त्या मुलापुढे दोन वाटा आहेत : सशुल्क प्लॅन घेणे, किंवा नंबर काढणे. दुसरीत काका रुसणार. शंका असेल तर कंपनीला ई-मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. या अटी बदलतही असतात.