हात कोण हलवितो?

श्रावण सरत आला की पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतून कामाची एकच घाई उडते. पेण शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्ती घडविण्याचे काम वर्षभर चालू असते. परंतु सर्वांत नाजूक काम शेवटी राखून ठेवलेले असते. ते म्हणजे डोळ्यांची आखणी. साच्यातून मूर्ती काढणे, तिला घासून गुळगुळीत करणे, रंगाचे हात देणे ही कामे अनेकजण करितात. आखणीचा कुंचला मात्र निष्णात कारागिराच्याच हाती दिला जातो. तो क्षणभर श्वास रोखतो, कुंचल्याचे टोक मूर्तीच्या मुखाला टेकवितो आणि एका ओघात रेषा ओढतो. ती केसभर जरी ढळली तरी मुद्रेवरील सारा भाव पालटतो. पाहणारा सहज उद्गारतो, “काय हात आहे!”

परंतु हे कौशल्य खरोखर हातात असते काय? समजा, असाच एखादा कारागीर वृद्ध झाला आणि कुंचला उचलताच त्याचा हात कापू लागला. बोटे तीच आहेत, स्नायूंतील बळही पुष्कळसे टिकून आहे, रेषा कशी हवी हे तर तो पूर्वीइतकेच जाणतो. तरीही रेषा सरळ उतरत नाही. मग बिघाड झाला तो कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांना दोनशेहून अधिक वर्षे परिश्रम करावे लागले.

ह्या शोधाचा आरंभ एका बेडकाच्या पायापासून झाला. इटलीतील बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी यांना असे आढळून आले की, मेलेल्या बेडकाच्या पायातील मज्जातंतूला विजेचा स्पर्श झाला की तो पाय झटका देऊन आखडतो. हे निरीक्षण त्यांनी १७९१ साली प्रसिद्ध केले. स्नायूंना हलविणारा संदेश विजेशी संबंधित आहे, ही गोष्ट अशा रीतीने प्रथम लक्षात आली. पुढे १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोन वैद्यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर अगदी सौम्य विद्युत्प्रवाह सोडून पाहिला. मेंदूच्या डाव्या अर्धास विजेचा स्पर्श झाला की उजवा पाय हाले, आणि उजव्या अर्धास झाला की डावा. शिवाय मेंदूच्या कोणत्याही भागाला स्पर्श केल्याने हे घडत नसे. एका ठराविक पट्ट्यातच ते घडे. मेंदूत हालचालींचे असे स्वतंत्र क्षेत्र आहे, हे त्यावरून सिद्ध झाले.

माणसाच्या मेंदूतील हे क्षेत्र बारकाईने तपासण्याचे मोठे कार्य कॅनडातील माँट्रिआल येथे वाइल्डर पेनफिल्ड या शस्त्रवैद्याने केले. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करिताना पेनफिल्ड त्यांना जागेच ठेवीत आणि मेंदूच्या निरनिराळ्या जागी सौम्य वीज लावून काय घडते ते टिपून घेत. एका जागी स्पर्श झाला की अंगठा हाले, दुसऱ्या जागी झाला की ओठ हाले. अशा नोंदींवरून त्यांनी जो नकाशा तयार केला, तो मोठा विलक्षण होता. पाठ आणि पोट यांच्या वाट्यास त्यात अगदी थोडी जागा आली होती. हात, बोटे, ओठ आणि जीभ यांनी मात्र ऐसपैस जागा व्यापली होती. ज्या अवयवाची कामगिरी नाजूक, त्याला मेंदूत जागा अधिक, असा तेथे न्याय आहे.

पेनफिल्ड यांच्या अनुभवातील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विजेच्या स्पर्शाने हात हालला की रुग्ण सांगे, हे मी केले नाही, तुम्ही केलेत! शिवाय ह्या हालचाली अगदी ओबडधोबड असत. मूठ वळे, बोट आखडे, इतकेच. अक्षर लिहिणे किंवा चित्र रेखाटणे यांसारखी कुशल कृती विजेच्या स्पर्शाने कधीही घडून आली नाही. वीज बोट हालवू शकते; डोळ्यांची आखणी करू शकत नाही.

आता मेंदूची आज्ञा बोटापर्यंत कोणत्या मार्गाने जाते ते पाहू. त्यासाठी पेणहून रोह्यास जाणारा लोहमार्ग डोळ्यांसमोर आणावा. दिवा येथून निघालेला हा मार्ग पनवेल, पेण ही स्थानके मागे टाकीत रोह्यास पोहोचतो. तेथपर्यंतचा मार्ग मध्य रेल्वेचा. तेथून पुढे कोकण रेल्वेचा आरंभ होतो. मज्जातंतूंच्या मार्गावरही असेच एक ‘रोहे’ आहे. मेंदूतून निघालेला तंतू मेंदूच्या तळाशी बहुधा विरुद्ध बाजूस वळतो आणि पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूत येऊन थांबतो. तेथे दुसरी मज्जापेशी त्याची वाटच पाहत असते. पहिला तंतू आपला संदेश तिच्या स्वाधीन करितो आणि तिचा तंतू तो संदेश स्नायूपर्यंत नेतो. भेद इतकाच की, रोह्यास गाडी तीच पुढे जाते. येथे मात्र संदेश एका हातातून दुसऱ्या हातात दिला जातो.

मार्गात बिघाड कोठे झाला यावर रोगाचे स्वरूप ठरते. ‘रोह्या’च्या अलीकडे, म्हणजे मेंदूत रक्तस्राव झाला किंवा रक्तवाहिनी तुंबली, तर अर्धांगवायू होतो आणि पुढे अवयव दुर्बळ असूनही ताठर बनतात. ‘रोह्या’च्या पलीकडे तंतू तुटला, तर स्नायू लुळा पडून झिजू लागतो. पोलिओचा विषाणू तर नेमक्या ह्या स्थानकावरील पेशींवरच घाला घालीत असे. लसीकरणाच्या अखंड प्रयत्नांमुळे २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला.

बिघाड नेमका कोठे आहे हे शस्त्रक्रिया न करिता कसे ओळखावे? ही अडचण १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांचे सहकारी यांनी दूर केली. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते, हा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३१ सालीच शोधून काढला होता. बार्कर यांनी तारेचे एक वेटोळे डोक्यावर धरून त्यातून क्षणमात्र जोरदार विद्युत्प्रवाह सोडला. चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनासायास आत शिरले, मेंदूत सौम्य वीज निर्माण झाली आणि हाताच्या स्नायूंनी झटका दिला. कोठे छेद नाही की फारशी वेदना नाही.

ह्या युक्तीने संदेशाच्या प्रवासाचा वेळ मोजता येऊ लागला. सेकंदाच्या हजाराव्या भागास मिलिसेकंद म्हणतात. निरोगी प्रौढ माणसाच्या मेंदूपासून हाताच्या स्नायूपर्यंत पोहोचण्यास संदेशाला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. मानेजवळ, म्हणजे मेरुरज्जूतून तंतू बाहेर पडतात तेथून मोजले, तर सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. वजाबाकी केली की मेंदूपासून मानेपर्यंतचा वेळ सुमारे ७ मिलिसेकंद येतो. गाडी कोणत्या दोन स्थानकांच्या दरम्यान रखडली हे वेळेवरून जसे कळते, तसाच मज्जामार्गातील अडथळाही वैद्याला आकड्यांवरून कळतो. हाताच्या तंतूंतील संदेशाचा वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २०० किलोमीटर असतो! अर्थात ही तपासणी प्रशिक्षित तज्ज्ञांनीच करावयाची असते.

आता त्या वृद्ध कारागिराकडे पुन्हा वळू. हाताचा कंप अनेक कारणांनी होतो. कंपवातात हात बहुधा स्वस्थ असताना कापतो. दुसऱ्या एका विकारात तो कामास लागताच कापू लागतो. दोन्हींमध्ये संदेशाचा मार्ग तुटलेला नसतो. मेंदूच्या खोल भागांतील पेशींची लय बिघडलेली असते. बहुतेक रुग्णांना औषधांनी पुष्कळ आराम पडतो. औषधांचा उपयोग होईनासा झाला की काही निवडक रुग्णांच्या मेंदूत खोलवर बारीक तारा बसवितात आणि छातीच्या त्वचेखाली ठेवलेल्या लहान विद्युत्घटातून दर सेकंदास शंभराहून अधिक सौम्य स्पंदने पाठवितात. १९८७ साली फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे बेनाबिड यांनी ह्या उपचाराचा पाया घातला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयातही तो सुरू झाला. त्याने मूळ रोग बरा होत नाही. पण कापणारा हात स्थिर होऊन पाण्याचा पेला न सांडता ओठांशी नेता येतो. ज्याला तो कित्येक वर्षांत नेता आला नव्हता, त्यालाच त्याचे मोल कळते.

तथापि अशा रुग्णाचा हात स्थिर झाला तरी वीज त्याला आखणी शिकवीत नाही. मग ती विद्या मेंदूत येते कशी? १९९५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. पियानो वाजविता न येणाऱ्या माणसांकडून पाच दिवस रोज दोन तास पाचही बोटांचा सराव करून घेण्यात आला आणि वर सांगितलेल्या चुंबकीय वेटोळ्याने त्यांच्या मेंदूचा नकाशा तपासण्यात आला. बोटांच्या स्नायूंचे क्षेत्र अवघ्या पाच दिवसांत विस्तारलेले आढळले!

म्हणजे सराव हाताचा होतो, आणि ठसा मेंदूवर उमटतो. पेणच्या कारागिराने बालपणापासून ओढलेली प्रत्येक रेषा, चुकून पुसलेलीसुद्धा, त्याच्या मेंदूत आपली खूण ठेवून गेलेली असते. आपण वहीत गिरविलेल्या अक्षराचेही तसेच आहे. पुढच्या वेळी कोणाचा हात वाखाणताना, त्या हातामागे अदृश्य राहून राबणाऱ्या मेंदूचे आणि त्याला घडविणाऱ्या अभ्यासाचे आपण अवश्य स्मरण करावे.