सतरा चिठ्ठ्या, एक अक्षर

भूमच्या त्या सभेत मी तासभर बोलले आणि एकाही बाईने तोंड उघडले नाही. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, बोलण्याची सवय आहे. तरी समोरच्या गप्प बसलेल्या पदरांपुढे माझेही शब्द अडखळले. अखेर संयोजक बाईंनी वहीची पाने फाडून वाटली. नाव नको, प्रश्न तेवढा लिहा. थोड्या वेळाने स्टीलच्या डब्यात सतरा चिठ्ठ्या जमल्या. त्यांतल्या अकरांवरचे अक्षर एकच होते, गोल आणि शाळकरी! मागे भिंतीला टेकून नववीतली एक मुलगी बसली होती. लिहिता न येणाऱ्या बायकांनी तिच्या कानात सांगायचे आणि तिने उतरवायचे, असे चालले होते. पोरीबाळींसमोर जपून बोला, अशी सूचना मला आधीच मिळाली होती. असो.

'अंगावरून पांढरं जातं, हाडं झिजतात का?' हा प्रश्न चार चिठ्ठ्यांत होता. हाडांचा त्याच्याशी काही संबंध नाही. पाळीच्या मध्यावर पातळ, तार धरणारा स्राव येतो, तो निरोगी शरीराचा भाग आहे. वास, खाज, दह्यासारखे किंवा हिरवट पाणी असेल तर तो जंतुसंसर्ग. त्याला औषध आहे, आणि काही वेळा ते नवऱ्यालाही घ्यावे लागते. यावर मागून आवाज आला, "त्यो कशाला घेतोय!" त्या दिवसातले ते पहिले हसू.

'पिशवी काढल्यावर मालकाजवळ जाता येतं का? मन होतं का?' जाता येते. इच्छा काही पिशवीत राहत नाही. मात्र पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर तिशीतच पाळी गेल्याचे सगळे भोग सुरू होतात : अंगाची आग, कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणे. हाडे झिजतात ती इथे. 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली र. धों. कर्व्यांवर खटला झाला. बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरीही दंड झालाच. त्यांचे वाचक निदान स्वतःच्या हाताने पत्र तरी लिहीत होते.

मग ती चिठ्ठी आली. 'पांढरं जातंय. डॉक्टर म्हणले कॅन्सर व्हईल, पिशवी काढा. वय ३१. काढू का?'

हा प्रश्न इथे का येतो, ते समजून घ्यायला हवे. भूम म्हणजे खव्याच्या भट्ट्यांचा तालुका, तसाच कोयत्यांचाही. मुकादमाकडून उचल घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस पडून राहिले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही. पाळी ही तिथे पैशाची बाब होते, आणि पिशवी काढली की कटकट मिटते असे वाटू लागते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीपुढे ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची माहिती आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. कॅन्सरचे भय घातले की बाई आपण होऊन टेबलावर चढते, हे मी माझ्या व्यवसायात पुष्कळदा पाहिले आहे.

खरे तर त्या चिठ्ठीचे उत्तर याच जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला दिले आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांच्या ग्रामीण प्रकल्पातून १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. सगळ्या तीस ते एकोणसाठ वयाच्या. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी आयुष्यात फक्त एकदा तपासणी झाली. जवळपास तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या गटाची अशी तपासणी झाली नाही. आठ वर्षांत पहिल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ जणी गेल्या, दुसऱ्यात ६४. ज्यांना तपासलेच नाही त्यांचे काय, हा प्रश्न पुढे उठला, आणि तो उठायलाच हवा होता. पण २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलेला हा अभ्यास जगभर वाचला गेला. भूममध्ये त्या दिवशी तो कोणालाच ठाऊक नव्हता.

म्हणून मी म्हटले, नुसत्या पांढऱ्या पाण्यासाठी पिशवी काढू नका. आधी आतून तपासणी करून घ्या, नमुना द्या. पाच मिनिटांचे काम आहे.

निघताना एक बाई गाडीपाशी आली. "ताई, ती एकतीसवाली मी. तपासाचं कागद कवा येतील?"

"आठ-पंधरा दिवस लागतील. फोनवर कळवू."

"तवा म्या फडात असंन. अन् फोन मालकाकडं असतोय."

मला पटकन काही सुचेना. चिठ्ठ्या लिहिणारी ती मुलगी तिच्या मागेच उभी होती, पेन अजून हातातच.

"मावशे," ती म्हणाली, "आमच्या घरचा नंबर लिहू का?"