पिकअपचं अ‍ॅव्हरेज का घटलं?

शेतकरी बंधूंनो, तुमची छोटी पिकअप पेट्रोलवर चालत असेल आणि पूर्वीएवढं अ‍ॅव्हरेज देत नसेल, तर ड्रायव्हरवर खेकसण्याआधी टाकीत काय पडतं ते पाहा. डिझेलवाल्यांना ही चिंता नाही.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. देशात जून २०२२ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं, २०२५ मध्ये वीसवर. ते बनतं आपल्याच उसापासून, मळीपासून, मक्यापासूनही. म्हणजे कारखान्याला ऊस घालणारे आपण आणि पंपावर पैसे मोजणारेही आपणच! लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे तेवढ्याच वाटेला इंधन जास्त लागतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली आहे. वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या इंजिनात ती बरीच कमी.

हिशेब करा. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १४ वर येईल. बाजार समितीची जाऊन-येऊन १०० किलोमीटरची खेप असेल, तर जवळजवळ अर्धा लिटर जादा.

ग्रामसेवक भाऊसाहेब, घंटागाडीचं लॉगबुक तपासताना एवढी तूट दिसली तर लगेच चोरीचा संशय नको. पंधरा टक्के दिसली, तर मात्र विचारा. टाकी फुल्ल करून, पुन्हा फुल्ल होईतो किती किलोमीटर झाले ते लिहा. भार सारखाच ठेवा. हवा कमी असेल, फिल्टर तुंबला असेल, तर दोष इथेनॉलला देऊ नका.

आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट लावा. जुन्या गाडीचे रबरी पाइप मेस्त्रीला दाखवून घ्या.