उभ्या राहणाऱ्या गाडीची किंमत

पिंप्राळा आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघाला की ते पुन्हा गाव होतं, एरवी कॉलन्यांच्या गर्दीत त्याची हद्द सापडत नाही. शिवार उरलंय ते बाहेरच्या अंगाला, काळ्या जमिनीचं: कपाशी, मका, ज्वारी, हरभरा. अशा शिवारात सैन्याने निकालात काढलेला, पुढच्या-मागच्या सगळ्या चाकांना ओढ असलेला ट्रक धान्य वाहायला आणला तर? अमेरिकेच्या गव्हाच्या मुलखात ही काही नवलाची गोष्ट नाही. तिथे असे ट्रक वर्षानुवर्षं राबले, आणि त्यांचं कौतुक करणारे नेहमी एकच कारण देतात: ताकद. चिखलातून निघतो, चढ चढतो, कितीही लादा, कुरकुरत नाही. हे खरं असलं तरी या ट्रकांना शेतात जागा मिळाली ती ताकदीमुळे नव्हे, असं मला वाटतं. शेतावरच्या गाडीचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो, आणि सैन्यातून आलेला जुना ट्रक फार स्वस्तात वाट पाहू शकतो. तेच तिथे त्याच्या यशाचं कारण आहे, आणि आपल्याकडे तो शेतात का शिरला नाही याचंही.

तिथलं काम कसं चालतं ते पाहिलं की मुद्दा उघड होतो. गव्हाची कापणी दोन-तीन आठवड्यांत उरकायची असते आणि सगळ्यांत महागडं यंत्र म्हणजे कंबाइन हार्वेस्टर. ते थांबलं की पैसा थांबला. त्याची टाकी भरली की ती रिकामी करायला बांधावर गाडी उभी हवी, आणि ती गोदामाकडे गेली की तिच्या जागी दुसरी. म्हणजे तीन-चार ट्रक हवेत, आणि प्रत्येकाने दिवसाचा मोठा भाग नुसतं उभं राहायचं. उरलेले अकरा महिने तर सगळ्यांनीच उभं राहायचं. हप्त्यावर घेतलेला नवा ट्रक हे करू शकत नाही. त्याला रोज धावावं लागतं. सैन्याच्या लिलावातल्या जुन्या ट्रकाला हप्ता नसतो. १९५० पासून अनेक दशकं बनत राहिलेला एम-३५ हा अडीच टनी ट्रक याचं ठळक उदाहरण. अडीच टन ही त्याची रस्ता नसलेल्या जमिनीवरची क्षमता. पक्क्या रस्त्यावर तो त्याच्या दुप्पट वाहतो. सैनिक बसायचा हौद काढून त्या जागी उलटा करता येणारा धान्याचा हौद बसवला की काम झालं. धान्य सुटं भरायचं, सुटंच ओतायचं. पोतं कुठेच येत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

पहिला आक्षेप डिझेलचा. हा ट्रक लिटरला चार किलोमीटरच्या आसपास जातो, मग परवडणार कसा? पण हिशेब मांडून पाहा. हंगामात पाचशे किलोमीटर धावला तर सव्वाशे लिटर डिझेल लागलं. नवा ट्रक दुप्पट अंतर देतो असं धरलं तर बचत झाली साठेक लिटरची. एवढ्या बचतीसाठी कुणी लाखोंचं कर्ज काढणार नाही. रोज तीनशे किलोमीटर धावणाऱ्या वाहतूकदाराला हाच ट्रक वर्षभरात बुडवेल. जी गाडी रस्त्यावर आतबट्ट्याची ती शेतात किफायतशीर ठरते, ती केवळ कमी धावते म्हणून. सुट्या भागांची अडचण जास्त खरी आहे, पण तिच्यावरचा उतारा म्हणजे तोच ट्रक आणखी एक विकत घेऊन त्याचे भाग काढत राहणं. तोही पुन्हा स्वस्ताईचाच खेळ.

आता आपल्याकडे येऊ. सैन्याचे जादा ट्रक भारतात कधी आलेच नाहीत असं मुळीच नाही. ते थव्याने आले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जीएमसीने एकट्या सीसीकेडब्ल्यू जातीचे साडेपाच लाखांहून जास्त सहाचाकी ओढीचे ट्रक बनवले. कॅनडाने सगळ्या प्रकारची मिळून आठ लाखांवर लष्करी वाहनं बांधली. आसामातल्या लेडोहून चीनच्या कुनमिंगपर्यंतचा सुमारे सतराशे किलोमीटरचा रस्ता १९४५ साली खुला झाला तो अशाच गाड्यांच्या जिवावर. युद्ध संपलं आणि हा सारा पसारा विक्रीला निघाला. ‘डिस्पोजल’ हा शब्द मराठीत रुळला तो तेव्हाच्या मालामुळे: डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचा ट्रक. युद्धकाळात पेट्रोलला रेशन होतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर रडतखडत चालत होत्या, नवी वाहनं मिळत नव्हती. टाटा-मर्सिडीज जमशेदपुरात बनू लागली ती १९५४ मध्ये. मधल्या आठ-नऊ वर्षांच्या तुटवड्यात चालू स्थितीतला ट्रक हाती असलेला माणूस तो शेताच्या बांधावर उभा करून ठेवणं शक्यच नव्हतं. त्याने रस्ताच धरला. ज्या गुणावर हा ट्रक दुसरीकडे शेतकऱ्याचा झाला, तो स्वस्तात उभं राहण्याचा गुण इथे तुटवड्याने हिरावून घेतला. ट्रक तोच होता, बाजार वेगळा होता.

तुटवडा पुढे संपला, मग तरी तो शेतात का आला नाही? सैन्यासाठी जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला शक्तिमान ट्रक बनू लागला १९५९ मध्ये, आणि तो १९९६ पर्यंत बनत राहिला. म्हणजे निकाली निघणाऱ्या ट्रकांचा झरा काही आटला नव्हता. इथे कुणी म्हणेल, आमच्याकडे रस्ते नाहीत, काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीची लोखंडी धाव रुतून बसते, तेव्हा चारही चाकांना ओढ असलेली गाडी इथेच जास्त उपयोगी. ऐकायला बरोबर वाटतं. पण खान्देशात धान्य निघतं कधी? रब्बीची ज्वारी, म्हणजे आपली दादर, आणि गहू-हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा जमीन भेगाळलेली असते आणि शेतरस्त्यावर चिखल नव्हे, फुफाटा असतो. खरिपाचा बराचसा मालही पाऊस उघडल्यावरच खळ्यावर येतो. पावसात सापडतो तो मूग-उडीद, आणि त्याचं वजन कितीसं? बारा महिने चिखलातून काढावी लागते ती रावेर-यावलची केळी. तो वेगळा विषय आहे, धान्याचा नव्हे. शिवाय ओल्या काळ्या जमिनीवर रस्त्याच्या टायरांनी पाच-सहा टनांची गाडी घातली तर ती रुतणार नाही कदाचित, पण खालचा थर दाबून ठेवील, आणि तो दाब नांगराच्या तासाखाली पुढची काही वर्षं राहील. चिखलातून निघणारी गाडी शेताला मानवते असं काही नाही.

उरतो पोत्याचा प्रश्न, आणि मला वाटतं निकाल तिथेच लागतो. आपल्याकडे मळणी यंत्रातून धान्य पोत्यात पडतं. मग हमाल, मापाडी, अडत्या, तिथून जळगावच्या डाळमिलपर्यंत ते पोत्यातच फिरतं. या साखळीतला प्रत्येकजण पोतं मोजतो. पाठीवरच्या ओझ्याचा प्रश्न एवढा मोठा होता की १९६९ साली महाराष्ट्राला माथाडी कायदा करावा लागला. गाडी कितीही दणकट आणा, खोळंबा खांद्यापाशी होतो. सुटं धान्य वाहण्याची व्यवस्था देशात आहे: पंजाबातल्या मोग्याच्या सायलोतून गहू सुट्या धान्याच्या रेल्वे वाघिणींनी चेन्नईपर्यंत जातो. पण तिथेही शेतकरी सायलोवर सुटा गहू आणतो तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून.

ट्रॉलीने लष्करी ट्रकावर मात केली ती त्याच्याच डावाने. ती वाट पाहते, आणि तिला इंजिनही नसतं. पोती भरेपर्यंत ती खळ्यावर सोडून द्यावी, ट्रॅक्टर तोवर दुसऱ्या वावरात रोटाव्हेटर मारतो. धान्य झालं की तिच्यावरच दादरचा कडबा डोईभर उंच रचावा, उन्हाळ्यात शेणखत वाहावं. ट्रकाचं इंजिन त्याच्या हौदाला जखडलेलं. हौद उभा तर इंजिनही उभं. दहा-वीस एकरांच्या शेतकऱ्याला ही चैन परवडत नाही, मग ट्रक फुकट का मिळेना. आता तर फुकटही मिळणं कठीण. मोटार वाहन कायद्यानुसार संरक्षण खात्यातून बाहेर पडलेल्या गाडीची नागरी नोंदणी नव्याने करावी लागते. तीन टनांवरच्या मालगाडीला परवाना आणि फिटनेस लागतो. आणि एप्रिल २०२३ पासून, लष्करी कारवाईतली खास वाहनं वगळता, सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी संपते, त्या भंगार केंद्रातच जायच्या. बांधावर उभा राहू शकेल इतका स्वस्त होण्याआधीच ट्रक कापला जातो.

कापलेल्या ट्रकाचा आख आणि चाकं मात्र भंगारातून सुटतात. टायरगाड्या आणि ट्रॉल्या बांधणाऱ्या छोट्या वर्कशॉपांत असा जुना आख निरखून घेतला जातो, वंगण घातलं जातं, वर साटा बसतो. मग ती गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी ओढीने शेतात जाते आणि पोती भरेपर्यंत उभी राहते.