दिसायला ‘भारत’, आतून ‘एचकेकेजेआर’

एके काळी मराठी वृत्तपत्राची वेबसाइट उघडली की आधी सूचना दिसायची: अक्षरे नीट दिसत नसतील तर आमचा फॉन्ट उतरवून घ्या. फॉन्ट घेतला की पान झकास दिसे. पण त्यातली बातमी कॉपी करून मित्राला पाठवली, तर त्याच्याकडे इंग्रजी अक्षरांचा काला पोचायचा. असे का व्हायचे, ते एक शब्द उलगडून पाहू.

शब्द घेऊ ‘भारत’. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये तो लिहायला पाच कळा दाबाव्या लागतात: एच, के, के, जे, आर. ही पद्धत टाइपरायटरची. एच दाबला की दांडा नसलेला अर्धा भ उमटतो. पहिला के त्याला दांडा देतो, दुसरा के काना. जे म्हणजे र, आर म्हणजे त. पडद्यावर ‘भारत’ दिसतो, पण फाइलमध्ये पाच इंग्रजी अक्षरेच असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचे सोंग देतो. त्यात फॉन्ट बदलला की सोंगही बदलणार.

छापखान्याचे यात काही अडत नव्हते. शाई कागदावर बसली की फाइलमध्ये काय आहे, हे कोण विचारतो? वृत्तपत्रांनी तीच फाइल वेबवर चढवली. समज असा, की वेबसाइट म्हणजे काचेआडचा अंक. वाचक सकाळी येईल, पहिले पान उघडेल, चाळेल आणि जाईल.

वाचक मात्र शोधत येतो, आणि त्याच्या आधी शोधयंत्राचा प्रोग्रॅम येऊन गेलेला असतो. त्याला अक्षराचे रूप दिसत नाही. तो अक्षरामागचा संकेतांक वाचतो आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची करतो, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने ‘भारत’ शोधला, तरी सूचीत नोंद ‘एचकेकेजेआर’ची. बातमी जागेवर असूनही सापडायची नाही.

उपाय उपलब्ध होता. युनिकोड या प्रमाणित संकेतांक-पद्धतीच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. त्यात भ म्हणजे २३४९, काना २३६६, र २३५२, त २३४०. फॉन्ट कोणताही लावा, आकडे तेच. विंडोज २००० मध्ये त्यासाठी मंगल फॉन्ट आला, २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. वृत्तपत्रांची अडचणही खरी होती: पाने लावण्याची तेव्हाची सॉफ्टवेअर युनिकोडमधली जोडाक्षरे नीट जुळवत नसत. पण छपाईची ही अडचण वेबच्या वाचकाने का सोसावी, हा प्रश्न उशिरा पडला.

पुढे वेबसाइट युनिकोडमध्ये आल्या, तरी काचेआडचा अंक गेला नाही. कित्येक ई-पेपर आजही पानाचे चित्रच दाखवतात. वाचक त्यातले कात्रण काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. बातमी घरोघर पोचते, पण चित्र म्हणून. पुढच्या वर्षी तिथे शब्द टाकून शोधली तर हाती लागत नाही.

तपासायचे असेल तर आवडत्या दैनिकाच्या पानावरचा एक शब्द निवडून कॉपी करा आणि दुसरीकडे चिकटवा. तोच शब्द उमटला, तर ते पान वेबसाठी लिहिलेले आहे. काला उमटला किंवा शब्द निवडताच आला नाही, तर तुम्ही अजून छापखान्याच्या दारातच उभे आहात.