पोटातली कळ, अंगातला ठणका

रत्नागिरीहून कोल्हापूरला जायचं ठरलं की माझी तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. जेवायला नुसता मऊभात आणि तूप. साखरप्याला एसटी किती वेळ थांबेल याची चौकशी आधीच करून ठेवते, कारण पुढे आंबा घाट आहे, आणि घाटात कळ आली तर उतरायचं कुठे? वळणांचे हिसके मान, खांदे, मांड्या यांत मुरतात ते वेगळंच. पुढचे दोन दिवस अंग ठणकत राहतं. तपासण्या मात्र सगळ्या स्वच्छ! पोटाच्या दुखण्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, अंगाच्या दुखण्याला फायब्रोमायल्जिया. ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच माणसाच्या वाट्याला येतात. असं का, हे वाचत गेले आणि थक्क झाले.

आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. १८९९ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवून दिलं, की बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडं आतला घास पुढे ढकलतच राहतं. पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक तंतू तर खालून वर जातात: पोट सांगतं, मेंदू ऐकतो. उलट दिशेनेही निरोप जातोच; भीतीने पोटात गोळा येतो, हे आपण उगाच म्हणत नाही.

१९७३ मध्ये रिची नावाच्या संशोधकांनी मोठ्या आतड्यात एक छोटा फुगा सरकवून हळूहळू फुगवला. साठ मिलिलिटरला, म्हणजे टपरीवरच्या कटिंगएवढ्या फुग्याला, निरोगी माणसांपैकी शंभरात सहा जणांना दुखलं. आयबीएसवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना! फायब्रोमायल्जियाचीही अशीच परीक्षा झाली, २००२ मध्ये अमेरिकेत. अंगठ्याच्या नखावर दाब देत मेंदूचं चित्र घेतलं. निरोगी माणसाच्या मेंदूत दुखण्याच्या ज्या जागा जवळजवळ दुप्पट दाबाला जाग्या होत, त्यातल्या बऱ्याच या रुग्णांच्या मेंदूत हलक्या दाबालाच जागत होत्या. तो अहवाल वाचून मी रडले. ‘मनाचे खेळ आहेत’ हे मी फार वर्षं ऐकलं होतं.

मग दोन्ही एकत्र का? १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशी ताणलेल्याच राहतात आणि साध्या स्पर्शालाही दचकतात. आतड्याच्या नसा आणि कातडी-स्नायूंच्या नसा या मज्जारज्जूत पुष्कळदा त्याच पेशींपाशी येऊन मिळतात. एकीकडून येणाऱ्या वेदनेने जागी राहिलेली पेशी दुसरीकडची कुजबुजही मोठ्याने ऐकत असावी, असा कयास आहे. मला तो मनापासून पटतो. पोट बिघडलेल्या आठवड्यात माझे खांदेही हात लावू देत नाहीत.

आणि हे शहरी लाड नव्हेत. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन दुखणी विचारली. सांध्याला सूज नाही, पण अंग दुखतंय, अशी माणसं त्या खेड्यातही भेटली.

आता स्वयंपाकघर. कांदा, लसूण, गहू यांतले फ्रुक्टान्स तोडणारं विकर माणसाजवळ नाहीच. ते तसेच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जीवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू तयार होतो. रिचींचा फुगाच तो, आपला आपण फुगणारा! तांदूळ मात्र लहान आतड्यातच जवळजवळ सगळा पचतो. प्रवासाआधीचा मऊभात मी आईचं ऐकून खात होते, त्याचं कारण हे.

लसणीची एक गंमत आहे. फ्रुक्टान्स पाण्यात विरघळतात, तेलात नाहीत. स्वाद मात्र तेलात उतरतो. म्हणून पडवळाच्या भाजीला फोडणी करताना चार पाकळ्या अख्ख्या टाकते, कडा तांबूस झाल्या की झाऱ्याने उचलून बाजूला काढते, मग मोहरी आणि पडवळ. घरभर लसणीचा वास सुटतो, आणि उचललेल्या पाकळ्या मीठ लावून हे खातात.