आजारी मांजर व इन्सुलिनची मात्रा

वाघोलीस आमच्या घरीं एक मधुमेही बोका आहे. (मांजरासहि मधुमेह? असें मुलें विचारतात. होय, विशेषतः स्थूल व वयस्क बोक्यास.) त्यास दिवसांतून दोन वेळां इन्सुलिन टोंचावें लागतें. गेल्या पावसाळ्यांत तो ज्वरानें पडला व अन्नास शिवेना. नेहमीची मात्रा भरून मी त्याजपाशीं बसलों आणि थबकलों, तें बरें झालें. इन्सुलिन रक्तांतील साखर पेशींत लोटतें. पोटांत अन्न नसतां पूर्ण मात्रा दिली तर साखर इतकी उतरते कीं जनावर लटपटतें, आंचके देतें, प्रसंगीं मरतेंहि. तथापि सुई सर्वस्वी चुकविणेंहि घातक. आजारानें व सूज उतरविणाऱ्या स्टेरॉइडानें साखर चढतेच, आणि इन्सुलिनवांचून रक्तांत कीटोन सांचूं लागतात.

मग करावें काय? कानाच्या कडेचा रक्तबिंदु घेऊन साखर घरींच मोजावी, कारण दवाखान्याच्या नुसत्या भीतीनेंहि मांजराची साखर चढते. तो आंकडा कळवून मात्रा पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावी. मांजर लटपटूं लागल्यास हिरड्यांस मध चोळून तत्काळ दवाखाना गांठावा. पिचकारीहि पारखावी: मिलिलिटरास १०० एकक असलेलें औषध ४० एककांच्या पिचकारीनें मोजल्यास मात्रा अडीचपट होते.

आमच्या बोक्याची मात्रा त्या दिवशीं डॉक्टरांनीं निम्मी केली. तिसऱ्या दिवशीं त्यानें मासळीची वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली.